वापरलेला हॉट टब घरी बसवायचाय: गच्ची, वीज, पाणी, वडिलांची तब्येत… जाणकारांनी सांगा

निवांत_माणूस

नमस्कार मंडळी. आमचा बंगला कोल्हापूरला, पाचगावच्या बाजूला, माळावर. पन्हाळा रोडला ओळखीच्यांचं फार्महाऊस होतं, ते विकलं गेलं. तिथला हॉट टब, म्हणजे जेटनं पाण्याचे जोरदार झोत सोडणारा, गरम पाण्यात बसायचा टब, ते मातीमोल भावात देतायत. चौघांचा आहे, अॅक्रिलिकचा, सव्वासहा फूट बाय सव्वासहा फूट. पाणी ११०० लिटर मावतं, हीटर ३ किलोवॅटचा, जेटचे दोन पंप. बरेच महिने बंद पडून आहे. कव्हर आहे पण फाटलंय.

गच्चीवर बसवायचा विचार आहे. आकाश निवळ असलं की तिथनं जोतिबाचा डोंगर दिसतो. घरात वडील ७२ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार, बीपीची गोळी रोज. बहिणीची पोरं सुट्टीला येतात, थोरली नऊची, धाकटा चारचा. बायकोनं आधीच बजावलंय, "आणा, पण त्याचं डबकं झालं तर मी हात लावणार नाही."

विकणारे "काही नाही, पाणी भरा आणि बसा" एवढंच सांगतात. काय बघून घ्यायचं, काय टाळायचं?

खटक्यावर_बोट

भावा, गच्चीवर गरम पाण्यात बसून समोर जोतिबा आणि हातात पांढरा रस्सा. नाद खुळा! पत्ता टाक, रविवारी आलोच.

बंबवाला

गुडघ्यांसाठी एवढा पसारा? आमच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे. दोन बादल्या कडकडीत पाणी, थोडं मीठ, पाय सोडून बसायचं. अगदीच हौस असेल तर वडिलांना राजापूरजवळ उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर घेऊन जा, निसर्गानं तापवलेलं पाणी आहे, वीजबिल नाही. बाकी तुमची मर्जी.

सळईवाला

बंबवाले काका, हौसेला मोल नसतं, पण स्लॅबला मर्यादा असते. मी स्ट्रक्चरचं काम करतो, म्हणून गच्चीचा विषय आधी मिटवतो.

११०० लिटर पाणी म्हणजे ११०० किलो. टब, पंप, लाकडी पट्ट्या धरून दोनशे. चार माणसं बसली की पावणेतीनशे-तीनशे. झाले सोळाशे किलो. जागा किती? साधारण ३९ चौरस फूट. म्हणजे चौरस फुटाला चाळीस किलोच्या वर. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ (इमारतीवरच्या ओझ्यांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला दीड किलोन्यूटन धरलेत, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम चौदा किलो. तुम्ही तिप्पट ओझं ठेवताय, आणि तेही बारा महिने चोवीस तास.

त्यात स्लॅब मधोमध कुठं झुकला की पाणी साठणार, वॉटरप्रूफिंग फुटणार, खालच्या खोलीत ओल येणार. टब कोसळायची वाट बघायची गरज नाही, नुकसान त्याच्या आधीच सुरू होतं.

निवांत_माणूस

पण साहेब, गच्चीवर २००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहेच की. ती तर टबापेक्षा जड.

सळईवाला

हे मला प्रत्येक साईटवर ऐकायला मिळतं. टाकी कुठं आहे ते वर जाऊन बघा. जिन्याच्या वरच्या स्लॅबवर, चारी बाजूंनी बीम आणि कॉलम जवळ. ओझं थेट खाली उतरतं. टब तुम्ही ठेवणार मोकळ्या गच्चीच्या मध्यात, कारण डोंगर तिथनं दिसतो. आरसीसीचं ड्रॉइंग असेल तर तुमच्या इंजिनिअरला दाखवा, बीमवर स्टीलचा सांगाडा टाकून मार्ग निघतो कधीकधी. ड्रॉइंगच सापडत नसेल तर मागचं अंगण बरं. वरची माती काढा, काळी माती असेल तर पूर्ण काढा, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम भरून ठोकून घ्या, वर सळईच्या जाळीचा सहा इंची काँक्रीटचा ओटा. लेव्हल अगदी पाण्याच्या नळीनं बघा, कारण वाकड्या टबात एका बाजूचे जेट कोरडे राहतात. आणि पंपाच्या झाकणाकडची बाजू भिंतीला चिकटवू नका, दुरुस्तीला माणूस बसेल एवढी जागा सोडा.

खटक्यावर_बोट

म्हणजे जोतिबा गेला. कंपाउंडची भिंत बघत रस्सा प्यायचा.

उद्यमनगर

आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, हीटर-पंप रोज हातात असतात. निवांतराव, टब आणायच्या आधी पंपाची आणि हीटरची इन्सुलेशन टेस्ट मेगरवर (करंट कुठं गळेल का ते मोजायचं यंत्र) करून घ्या. बंद पडलेल्या हीटरच्या कॉइलमध्ये ओल शिरते, वरून काही कळत नाही.

मग वायरिंग. घरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून टब चालवणारी माणसं मी बघितलीत. तसं करू नका. तीन किलोवॅटला नुसता हीटरच तेरा अँपिअर ओढतो, वर पंप. मेन बोर्डावरनं स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, तिला स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा खटका) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की पडणारा खटका). बंद करायचा आयसोलेटर टबातनं दिसला पाहिजे, पण टबात बसून हात पोचता कामा नये. साडेतीन मीटरच्या आत दुसरा सॉकेट नको, पंखा नको, म्युझिक सिस्टीम नको. मोबाइल चार्जिंगला लावून टबाच्या कडेवर ठेवणं तर नकोच नको.

अर्थिंगचा वेगळा खड्डा घ्या आणि मोजून घ्या. पाचगावच्या बाजूला मुरूम आणि खडक. एप्रिल-मे मध्ये तिथली जमीन कोरडी ठणठणीत होते, पावसाळ्यात चांगलं दिसलेलं अर्थिंग उन्हाळ्यात निकामी ठरतं. शेजारी लोखंडी रेलिंग, धातूची शिडी असेल तर तीही त्याच अर्थिंगला जोडा.

फ्यूजतार

आरसीसीबी म्हणजे डोकेदुखी. आमच्या घरात सारखा पडायचा, पाहुणे आले की हमखास अंधार. वायरमननं काढून टाकला, तेव्हापासून निवांत. एमसीबी आहे की.

उद्यमनगर

दादा, सारखा पडत होता म्हणजे घरात कुठंतरी करंट गळत होता. तो अजून गळतोय, फक्त सांगणारा गेला. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. सोळाचा एमसीबी पडायला सोळा अँपिअरच्या वर करंट लागतो. माणसाच्या छातीतनं तीस-चाळीस मिलीअँपिअर गेला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो, आणि भिजलेल्या अंगाला तेवढा जायला वेळ लागत नाही. गीझरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या घरांतपण एमसीबी असतोच.

अजून एक. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून द्यायची आयडिया काही वायरमन करतात. न्यूट्रल कुठं तुटला की टबाची, पंपाची बॉडी थेट लाइव्ह. असलं जोडकाम दिसलं तर आधी ते काढा, मग पुढचं बोलू.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्याला एकदा दाबायचं. पडला नाही तर बदलायचा.

निवांत_माणूस

बिलाचा अंदाज?

उद्यमनगर

हिवाळ्यात नळाचं पाणी बावीस अंश धरू, अडतीसपर्यंत न्यायचं. ११०० लिटरला वीस-एकवीस युनिट आणि सातेक तास. हे पहिल्यांदा भरल्यावरचं. नंतरचा खर्च सगळा कव्हरवर. गरम पाण्याची बहुतेक उष्णता वाफेनं जाते, त्यामुळं फाटक्या कव्हरवर चालवणार असाल तर तुम्ही माळ तापवताय. नवीन घ्या.

रसायनी

पाण्याचं मी सांगते, रोजचं काम तेच आहे. थोडं लांब होईल.

पहिलं, कुठलं पाणी भरणार? माळावर बोअर असणार. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, आणि ते तापवलं की क्षार हीटरच्या कॉइलवर बसतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बघितला असेल, तोच. शक्य असेल तर नळाचं पाणी भरा. टबासाठी कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, १५० ते २५० पीपीएम (लिटरमागं मिलिग्रॅम) बरी. भरताना पाइपला ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, विशेषतः पावसाळ्यात.

दुसरं, "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच की" असं कुणी म्हणेल. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम राहिलं तरी पुरतं. हॉट टबात मुक्त क्लोरीन (अजून घाणीशी न जोडलेलं, जंतू मारायला मोकळं) किमान ३ पीपीएम लागतं, पंधरापट. कारण पाणी गरम, जेटमुळं सतत हवा मिसळलेली, आणि हजार लिटरमध्ये चार माणसं. स्विमिंग टँकमध्ये माणशी हजारो लिटर पाणी असतं, इथं पावणेतीनशे. घाम, तेल, साबण क्लोरीन खाऊन टाकतात, उरलेलं उष्णतेनं उडतं.

तिसरं पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी याचं माप. तो ७.० ते ७.८ मध्ये ठेवा, ७.२ ते ७.६ उत्तम. ७.२ ला क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या रूपात असतो, ८ ला पाव भागही नाही. मोजणीत आकडा तोच येईल, काम होणार नाही. आणि जेट चालू असले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप वर चढतो. म्हणून टबात पीएच कमी करायचीच वेळ जास्त येते. त्याला सोडियम बायसल्फेट वापरा. अल्कलिनिटी (पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद) ८० ते १२० पीपीएम, ती कमी असेल तर आपला खायचा सोडा चालतो. तुमच्या टबाला १० पीपीएम वाढवायला अठरा-एकोणीस ग्रॅम.

कुठलं क्लोरीन घ्यायचं हा खरा घोळ आहे. दुकानात तीन-चार तऱ्हेचा माल दाखवतील.

ब्लीचिंग पावडर: गावच्या विहिरीला ठीक. त्यात चुना असतो, फिल्टर आणि जेट भरून जातील.

टीसीसीएच्या गोळ्या: मोठ्या टँकसाठी. फार आम्लधर्मी, आणि टबात तळाशी पडलेली गोळी अॅक्रिलिक खाते.

डायक्लोर पावडर: सोपी, म्हणून लोक वापरतात. पण तिच्याबरोबर सायन्युरिक अॅसिड पाण्यात जातं आणि साठत राहतं. १० पीपीएम क्लोरीनमागं ९ पीपीएम. महिन्या-दीड महिन्यात ते इतकं होतं की क्लोरीन सुस्त पडतं. सायन्युरिकचा उपयोग उन्हात क्लोरीन टिकवायला. तुमचा टब कव्हरखाली असणार, मग कशाला हवं? अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्थासुद्धा हॉट टबात सायन्युरिकवालं क्लोरीन नको असंच सांगते.

मी सांगेन साधं सोडियम हायपोक्लोराइट (हायपो), सुगंध नसलेलं, ताजं. १० टक्क्यांचं असेल तर ११०० लिटरला ३३ मिली म्हणजे ३ पीपीएम. उन्हाळ्यात ते कॅनमध्ये असतानाच कमजोर होतं, म्हणून मोठा कॅन भरून ठेवू नका. सावलीत, पोरांच्या हाताला न लागेल असं.

रसायनी

एक राहिलं, वेगळं लिहिते म्हणजे नजरेत भरेल. कुठलंही क्लोरीन आणि कुठलंही अॅसिड एका भांड्यात, एका मापानं, एका कपाटात नको. बाथरूम घासायचं अॅसिड आणि हायपो एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आलं तर आग लागू शकते. औषध नेहमी पाण्यात घालायचं, औषधावर पाणी नाही. पंप चालू, कव्हर उघडं, टबात कुणी नाही. एक घातलं की थांबायचं, मग दुसरं.

मिसळप्रेमी

रसायनीताई, मला हा प्रसाद मिळालाय. कोकणातल्या एका रिसॉर्टवर (नाव घेत नाही) आम्ही सगळे टबात बसलो होतो. क्लोरीनचा वास एवढा होता की म्हटलं वा, स्वच्छ असणार. घरी आल्यावर पोटावर, मांडीवर, बरोबर पोहायच्या कपड्याखाली लाल पुटकुळ्या, खाज वेगळीच. चौघांनाही. डॉक्टर म्हणाले घामोळं. मग दुसऱ्या डॉक्टरनं विचारलं, कुठं टबात बसला होता का?

रसायनी

तुमचं वर्णन स्यूडोमोनास या जंतूशी जुळतंय. एक-दोन दिवसांत पुरळ उठतं, कपड्याखाली जास्त, कारण पाणी तिथं धरून राहतं. बहुतेकांचं आपोआप जातं. त्या वासाचं म्हणाल तर नाकात झोंबणारा वास मुक्त क्लोरीनचा नसतो. ते घाम-लघवीशी जोडलेलं, वाया गेलेलं क्लोरीन. जोराचा वास आला तर बहुधा पाण्यात क्लोरीन कमीच पडलंय. बसू नका.

गारठलेला

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या मिनेसोटात. इथं उणे वीसमध्ये मागच्या अंगणात टबात बसायचं हेच एक सुख, डोक्यावरचे केस गोठतात आणि खाली अंग उकडतं. वापरातलं थोडं सांगतो.

वापरलेला टब आणताय ना, तर टबाकडं बघू नका, पाइपांकडं बघा. जेटच्या मागं कित्येक मीटर बारीक नळ्या असतात. बंद टबात त्यांत ओल राहते आणि आतून बुळबुळीत थर धरतो. वरून टब आरसा असला तरी पहिल्यांदा जेट लावल्यावर काळपट-तपकिरी पापुद्रे बाहेर येतात. हा थर क्लोरीनला दाद देत नाही, त्याच्या आड जंतू सुखात असतात. पाइप साफ करायचं वेगळं द्रावण मिळतं, ते घालून जेट चालवायचे, फेस आणि घाण वर आली की पाणी सोडायचं, टब घासायचा. जुना फिल्टर फेकून द्यायचा, धुवत बसायचं नाही.

रोजचं म्हणाल तर बसायच्या आधी क्लोरीन-पीएच तपासायची स्ट्रिप बुडवून बघणं, उठल्यावर थोडं क्लोरीन घालणं, आणि आठवड्याला फिल्टर काढून पाइपच्या धारेनं घड्यांमधनं धुणं. पाणी किती दिवसांनी बदलायचं त्याचा इथला हिशेब आहे: लिटर भागिले साडेअकरा, त्याला रोज बसणाऱ्या माणसांनी भागायचं. तुमचे ११०० लिटर, रोज दोघं, म्हणजे दीडेक महिना.

आणि टबाच्या आधी साबण लावून आंघोळ. आपल्याकडं हे जास्त महत्त्वाचं आहे. दिवाळीत तेल-उटणं लावून कुणी उतरला तर फिल्टर त्याच दिवशी गेला म्हणून समजा. रंगपंचमीला तर कव्हरला कुलूपच घाला.

खटक्यावर_बोट

रंगपंचमीला कुलूप? मग टब कशाला घ्यायचा राव!

ओपीडी

वडिलांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. इथं लिहिलेलं वाचून निर्णय घेऊ नका, त्यांच्या फिजिशियनना औषधांची यादी दाखवून विचारा. पण काय विचारायचं ते सांगतो.

गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, बीपी खाली येतं. बीपीची गोळी तेच काम करतेय. दोन्ही एकत्र आलं की बसलेलं असताना छान वाटतं, आणि एकदम उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते. टबाच्या ओल्या पायरीवर ७२ व्या वर्षी चक्कर म्हणजे खुब्याचं हाड. म्हणून त्यांच्यासाठी पाणी ३७-३८, वेळ दहा मिनिटं, आधी पाणी पिऊन, सोबत माणूस असतानाच. उठताना आधी कडेवर बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उतरायचं. हातानं धरायला भक्कम दांडा हवा. जेवल्या जेवल्या नको, दारू घेऊन तर अजिबात नको (खटक्यावरचे भाऊ, हे तुम्हाला).

कुणासाठीच ४० अंशांच्या वर पाणी नको. जुन्या टबाच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका, वेगळा थर्मामीटर बुडवून बघा. मधुमेहानं पायांची संवेदना गेली असेल तर पाणी पोळतंय हे कळतच नाही. गरोदर बाईनं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बसू नये, अंगाचं तापमान वाढणं बाळाच्या मज्जासंस्थेला घातक ठरू शकतं. उघडी जखम, जुलाब असतील तर कुणीच नाही.

आता लिजिओनेला. हा जंतू २५ ते ४५ अंशांत फोफावतो, म्हणजे कोमट टब त्याला अगदी सोयीचा. पाणी गिळल्यानं सहसा नाही, जेटच्या तुषारांतून श्वासात गेल्यानं न्यूमोनिया होतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलला फुलांचं प्रदर्शन होतं. तिथं विक्रीसाठी मांडलेल्या हॉट टबातून हा पसरला आणि ३२ जण दगावले. टबात कुणी बसलंसुद्धा नव्हतं, लोक नुसते शेजारून गेले होते. वयस्क, धूम्रपान करणारे, फुप्फुसांचे रुग्ण यांना धोका जास्त. तेव्हा तुमचा साफसफाईचा दिवस असेल त्या दिवशी वडिलांना आसपास फिरकू देऊ नका. पुढं कधी टबानंतर दोन आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना टबाचं आवर्जून सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

नववीगल्ली

आणि पोरं? चार वर्षांचा आहे म्हणताय.

ओपीडी

पाच वर्षांखालच्यांना हॉट टबात उतरवायचंच नाही, त्यांचं अंग फार लवकर तापतं. नऊ वर्षांची असेल तर पाणी कोमट, पाचेक मिनिटं, मोठं माणूस हाताच्या अंतरावर, डोकं पाण्याखाली नाही, केस घट्ट बांधलेले.

केसांचं यासाठी की टबाच्या तळाशी, बाजूला पंपाची ओढ असते. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या ड्रेनच्या ओढीत अडकून बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या नावानं २००७ मध्ये तिथं ड्रेनच्या झाकणांचा कायदा झाला. तुमच्या जुन्या टबात ओढीची तोंडं निदान दोन आहेत का, त्यांची झाकणं फुगीर आहेत का, तडा तर नाही, स्क्रू पुरे आहेत का, हे आधी बघा. झाकण फुटलं असेल तर नवीन येईपर्यंत टब बंद.

उद्यमनगर

याला जोडून: आयसोलेटर कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. कुणी अडकलं तर ओढत बसू नका, आधी पंप बंद करा.

नववीगल्ली

कव्हरला कुलपाच्या पट्ट्या असतात, त्या लावाच. नुसतं पाण्यावर तरंगतं कव्हर नको, पोरगं त्यावर पाय ठेवतं आणि कव्हर त्याच्यावर मिटतं. आमच्याकडं पाण्याच्या हौदाला पण कुलूप आहे.

पंचगंगाकाठ

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. माळावर राहता म्हणून पुराची चिंता नाही, आमच्या भागात मात्र पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की खालच्या सगळ्या मोटारी वर न्याव्या लागतात. इकडं कुणी टबाचा विचार करत असेल तर पंप जमिनीलगत असतो हे ध्यानात ठेवा. बाकी वीज कडाडायला लागली की टबातनं बाहेर. आणि वळवात लाइट गेली की पाणी नुसतं कोमट उभं राहतं, क्लोरीन संपत जातं. लाइट आल्यावर थेट उतरू नका, तपासून घ्या.

पाणी सोडताना एक विनंती, लगेच गटारात नको. गटार नाल्याला मिळतं आणि नाला नदीला, तिचे हाल आधीच काय आहेत ते सांगायला नको. कव्हर काढून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, क्लोरीन शून्य झालं की नारळाला, चिंचेला घाला. कुंड्यांना नको.

बंबवाला

हे सगळं वाचून माझं बंबाचं मत पक्कं झालं. पण निवांतराव, आणलात तर एकदा बघायला येईन.

निवांत_माणूस

मंडळी, उशीर झाला. आरसीसीचं ड्रॉइंग सापडलं नाही, गच्ची रद्द. मागं ओटा झाला, सळईवाले साहेबांनी सांगितला तसा. हीटर मेगरवर नापास झाला, नवीन टाकला. आरसीसीबी बसला. एका ओढीच्या तोंडाच्या झाकणाला केसाएवढा तडा होता, दोन्ही बदलली. वडिलांच्या डॉक्टरांनी एका गोळीची वेळ बदलून दिली, ३७ च्या वर नको म्हणाले.

पाइपांचं द्रावण घालून जेट लावले तेव्हा जे बाहेर आलं ते बघून बायको आत निघून गेली. ओल्या चहापत्तीसारखं. दोनदा धुतलं, नवीन पाणी भरलं, नवीन फिल्टर.

आता शंका. रसायनीताई, पहिल्यांदा बसायच्या आधी जंतुनाशनासाठी जास्तीचं क्लोरीन किती? आणि क्लोरीन तपासायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) चालेल का? ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं असतं ते, थेंब टाकला की पिवळं होतं.

रसायनी

२० पीपीएम. तुमच्या टबाला १० टक्क्यांचं हायपो २२० मिली. पीएच आधी ७.५ च्या आसपास आणा, मग घाला. किमान दहा तास २० टिकलं पाहिजे, पंप चालू, सगळे जेट आळीपाळीनं उघडून. कमी झालं तर भर घालायची.

ओटी पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढं बघायला ठीक. मुक्त किती आणि वाया गेलेलं किती हे त्यात नीट वेगळं कळत नाही. डीपीडीचा किट घ्या, गुलाबी होतो तो.

निवांत_माणूस

डीपीडी आणला. २२० मिली घातलं, अर्ध्या तासानं तपासलं. गोळी टाकल्यावर क्षणभर गुलाबी झालं आणि लगेच पांढरं, स्वच्छ पाणी. म्हणजे शून्य? सगळं पाइपांनी खाल्लं का? अजून २२० घालू का?

रसायनी

थांबा, काही घालू नका! क्लोरीन फार झालं की ते डीपीडीचा रंगच उडवतं. क्षणभर गुलाबी होऊन पांढरं झालं तर समजायचं की भरपूर आहे.

एक भाग टबाचं पाणी, नऊ भाग आरओचं पाणी, नीट मिसळा, त्यातलं घेऊन तपासा. आकडा येईल त्याला दहानं गुणा.

निवांत_माणूस

२ आला. म्हणजे २०.

रसायनी

बरोबर. आता दहा तास जेट चालू, कव्हर उघडं, कुणी जवळ नाही. मधे दोन-तीनदा असंच मोजा. उद्या ते पाणी कव्हर काढून ठेवा, क्लोरीन उतरलं की सोडा, फिल्टर काढून धुवा, ताजं पाणी भरा. मग ३ पीपीएमवर आणा आणि पहिल्यांदा तुम्ही बसा, वडील नंतर.

खटक्यावर_बोट

रविवार धरू का मग? रस्सा मी आणतो, टबाबाहेर पिऊ.